विरघळेल तर शपथ

साबणाला फेस येत नाही, अशी तक्रार केली की लोक साबण बदलायला सांगतात. मी साबण बदलत राहिलो, पाणी तेच. पाण्यात कॅल्शियम-मॅग्नेशियमचे क्षार फार असले की साबण आधी त्यांच्याशीच सोयरीक जुळवतो. त्यातून निघणारा चिकट साका केसांत बसतो. फेस बिस मिळालाच, तर क्षारांचं पोट भरल्यावर.

गीझरमधला प्रकार त्याहून वरताण. साखर, तुरटी ही सभ्य मंडळी गरम पाण्यात जास्त विरघळतात. कॅल्शियम बायकार्बोनेट मात्र गार पाण्यात गुण्यागोविंदानं नांदतं आणि पाणी तापलं की कार्बन डायऑक्साइड सोडून कॅल्शियम कार्बोनेट होऊन कॉइलवर बसतं. खडू तोच, चुनखडी तीच, संगमरवरही तोच. म्हणजे मी रोज वीज जाळून संगमरवर पिकवतो, तोही कुणाला दाखवता येणार नाही अशा जागी! वर हा थर उष्णता अडवतो, म्हणून आणखी वीज. व्हिनेगर ओतलं तर फसफसत विरघळतो खरा, पण पाण्यात कॅल्शियम सल्फेट असेल तर ते उकळूनही हटत नाही. त्याला धुण्याचा सोडाच लागतो. मॅग्नेशियम, कॅल्शियम, स्ट्रॉन्शियम, बेरियम हे धातू हम्फ्री डेव्ही या इंग्रज रसायनशास्त्रज्ञानं १८०८ मध्ये विजेच्याच जोरावर सुटे केले. त्याला कीर्ती मिळाली, मला बिल येतं.

पुढे पोट बिघडलं आणि डॉक्टरांनी बेरियमची तपासणी सांगितली. बेरियमचे विरघळणारे क्षार विषारी, एवढं शाळेतलं आठवत होतं.

"अहो, हे बेरियम सल्फेट. विरघळतच नाही, मग बाधणार कसं?" डॉक्टर म्हणाले. "क्ष-किरण अडवतं, आतड्याचा आकार दाखवतं आणि जसं गेलं तसं बाहेर पडतं."

खडूच्या चवीचा तो दाट पेला मी डोळे मिटून रिचवला. आतड्याचा फोटो सुरेख आला, माझ्या आधार कार्डापेक्षा नक्कीच. पण 'बाहेर पडतं' याला मुहूर्त मिळेना. मी व्हिनेगरबद्दल विचारलं, तर डॉक्टरांनी चष्म्यावरून पाहिलं आणि मॅग्नेशियम हायड्रॉक्साइडचं पांढरं औषध लिहून दिलं. हे जठरातलं आम्ल शमवतं आणि आतड्यात पाणीही ओढून आणतं.

आवर्तसारणीच्या दुसऱ्या गणात मॅग्नेशियम वरच्या मजल्यावर राहतं, बेरियम खालच्या. वरच्यानं खालच्याला भल्या पहाटे घराबाहेर काढायला सुरुवात केली आणि दर वेळी दार उघडायला मला उठावं लागलं.