ध्यानाचा वर्ग हॉलमध्ये नको, मेसमध्ये घ्या

कॉलेजात माइंडफुलनेसचं, म्हणजे आत्ताच्या क्षणाकडे लक्ष देण्याचं, प्रशिक्षण ठरलं की सगळ्यात आधी हॉल बुक होतो. माझं म्हणणं आहे, मेस बुक करा. दुपारी साडेबाराला, ताट समोर असताना. मुलांच्या खाण्याच्या सवयी सुधाराव्यात म्हणून हा खटाटोप असेल, तर तो पोळी-भाजीसमोरच व्हायला हवा. खुर्चीत ताठ बसून घेतलेला श्वास रात्री एक वाजता मॅगीचं पाकीट फोडताना आठवत नाही.

जॉन कबाट-झिन यांनी १९७९ मध्ये अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्रात माइंडफुलनेसचा आठ आठवड्यांचा अभ्यासक्रम सुरू केला. त्यातला सुरुवातीचा धडा एका बेदाण्याचा असतो. नाशिककरांना बेदाणा शोधत फिरायला नको, आणि फेब्रुवारी-मार्चमध्ये स्वच्छ धुतलेलं द्राक्षही चालेल. एकच दाणा तळहातावर घ्या. मिनिटभर नुसता बघा: सुरकुत्या, रंग, देठाची जागा. बोटांत फिरवा, वास घ्या. मग जिभेवर ठेवा, पण दहा-पंधरा सेकंद चावू नका. तोंडाला सुटणारं पाणी जाणवू द्या. मग एकदाच चावा आणि थांबा. गिळायची घाई कधी होते तेवढं टिपा. सगळं मिळून पाच मिनिटं.

हे फसतं ते दोन कारणांनी. एक, शिकवणारा मध्येच बोलत राहतो आणि मुलं दाण्याऐवजी त्याच्याकडे बघतात. दुसरं, धडा बेदाण्यापाशीच संपतो. त्याच बैठकीत पुढचं ताट वाढून तेच लक्ष पहिल्या तीन घासांना द्यायला लावलं पाहिजे. सगळं जेवण असं करा म्हटलं तर तिसऱ्या दिवशी कुणी करत नाही. तीन घास रोज जमतात. फोनचंही तसंच. जेवताना फोन अजिबात नको हा नियम मेसमध्ये टिकत नाही; पहिली पाच मिनिटं फोन बॅगेत, एवढं टिकतं. आपल्याकडे ताटाभोवती पाणी फिरवून, चित्राहुती घालून मग पहिला घास घ्यायची रीत होती. श्रद्धा ज्याची त्याच्यापाशी, पण भुकेल्या हाताला मिळणारा तो अर्ध्या मिनिटाचा थांबा फार मोलाचा आहे.

तीन घासांनंतर घाईचा प्रश्न येतो. पोट भरल्याची जाणीव नीट व्हायला साधारण वीस मिनिटं लागतात, आणि मेसमधलं जेवण सात-आठ मिनिटांत उरकतं. म्हणून पोळ्या एकदम चार घेऊ नका. दोन घ्या, संपवा, पाणी प्या, मग तिसरीचं ठरवा. भुकेला शून्य (कडकडून भूक) ते दहा (पोट तुडुंब) असे गुण द्यायचीही एक पद्धत आहे: तीन-चारवर जेवायला बसायचं, सातवर थांबायचं.

पण ही मोजपट्टी झोप मोडलेल्या मुलांना चालत नाही, आणि हे कुणी सांगत नाही. झोप कमी झाली की भूक वाढवणारं घ्रेलिन हे संप्रेरक वाढतं आणि तृप्ती सांगणारं लेप्टिन घटतं. रात्री दोनला झोपून, सकाळी चहा-बिस्किटावर आठचं लेक्चर गाठणाऱ्या मुलाला 'शरीराचं ऐक' सांगणं चुकीचं आहे. त्याचं शरीर वडापावच मागणार. त्याच्यासाठी आधी घड्याळ. दोन आठवडे नाश्ता, दुपारचं आणि रात्रीचं जेवण ठरल्या वेळी, भूक असो-नसो. गुण त्यानंतर.

आणखी एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. लक्ष देऊन खाण्याचा फायदा मुख्यतः ताणात किंवा कंटाळ्यात होणाऱ्या खाण्यावर दिसतो. ताटात भाजी नसेल तर ती ध्यानाने येत नाही. राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२४ च्या मार्गदर्शक सूचनांत २००० कॅलरींच्या दिवसासाठी २५० ग्रॅम धान्य, ४०० ग्रॅम भाज्या, ८५ ग्रॅम डाळी-कडधान्यं, १०० ग्रॅम फळं आणि ३०० मिलिलिटर दूध-दही धरलं आहे. मेसच्या ताटात बटाट्याची भाजी आणि पातळ वरण असेल तर पोळ्या वाढतात आणि डाळ मागे पडते. मेसवाल्या काकांकडे भांडण नको, मागणी एकच ठेवा: आठवड्यातून चार दिवस उसळ आणि रोज कच्ची काकडी किंवा गाजर.

मिसळ सोडायला मी कधीच सांगणार नाही. मटकी, कांदा, लिंबू हे उत्तमच. अडचण तर्रीच्या तेलाची आणि तिसऱ्या-चौथ्या पावाची. रस्सा अर्धी वाटी, मटकी जास्त मागा, पाव दोन, आणि चहा तासाभराने. चहातल्या टॅनिनमुळे लोह कमी शोषलं जातं, लिंबामुळे जास्त. मुलींनी तर हे नक्की पाळावं.

खोलीवर करण्यासारखं म्हणजे मोड. पन्नास ग्रॅम मटकी आठ तास भिजवा, ओल्या फडक्यात बांधून ठेवा. उन्हाळ्यात बारा तासांत मोड येतात. डिसेंबरच्या नाशिकच्या थंडीत पूर्ण दिवस लागतो, तेव्हा पुरचुंडी डब्यात घालून पांघरुणाजवळ ठेवा. कच्चे खाऊ नका, पोट बिघडतं. उकळतं पाणी ओतून पाच मिनिटं झाका, निथळा, मीठ-लिंबू घाला. सुमारे दहा ग्रॅम प्रथिनं मिळतात. पेठ-सुरगाण्याकडून येणाऱ्या मुलांनी घरून नागलीचं (नाचणीचं) पीठ आणावं. कॅल्शियमच्या बाबतीत गहू-तांदूळ तिच्या जवळपासही नाहीत.

इगतपुरीला विपश्यनेचं शिबिर करून आलेल्यांनी तिथलं जेवणाचं वेळापत्रक हॉस्टेलवर चालवू नये. तिथे साडेसहाला नाश्ता, अकराला जेवण आणि नव्या साधकांना संध्याकाळी पाचला फळ-चहा असतो, कारण तिथे पहाटे चारला उठून साडेनऊला दिवे मालवतात. परीक्षेसाठी बारापर्यंत जागणाऱ्याने पाचनंतर उपाशी राहिलं तर मध्यरात्री हमखास अधाशीपणे खाल्लं जातं.

एखादी मुलगी किंवा मुलगा जेवण मोजून टाळत असेल, खाल्ल्यावर उलटी काढत असेल, तर त्याला या वर्गात बसवू नका. पोटाकडे आणखी लक्ष दिल्याने त्याचा त्रास वाढू शकतो. त्याला समुपदेशक आणि डॉक्टर हवेत. मानसिक आरोग्यासाठीच्या टेली-मानस सेवेचा १४४१६ हा सरकारी क्रमांक मोफत आहे, मराठीतही बोलता येतं.

कॉलेजांनी करायचं ते इतकंच: आठ आठवडे, आठवड्यातून एकदा वीस मिनिटं, मेसमध्ये, परीक्षेच्या आधीच्या महिन्यात नाही. आणि प्रॅक्टिकलच्या दिवशी जेवणाची सुट्टी किमान चाळीस मिनिटांची ठेवा. पंधरा मिनिटांत रांग, ताट आणि लक्ष देऊन घेतलेले तीन घास बसत नाहीत.