डायनिंगच्या जुन्या सागवानी खुर्च्या भंगारात देऊ नका

दिवाळीच्या आवराआवरीत सांगलीतल्या भंगाराच्या गाड्यांवर एक वस्तू हमखास दिसते. साठ-सत्तरच्या दशकातली डायनिंगची सागवानी खुर्ची. खाली निमुळते होत गेलेले, जरासे बाहेर कललेले पाय, पाठीला हलका बाक आणि मधोमध फाटलेली वेताची जाळी. घरात गुबगुबीत रेक्झिनचा सेट आला की हिची रवानगी ठरलेली. मला हे बघवत नाही, म्हणून लिहितेय.

पाटावरची जेवणं हळूहळू टेबलावर येऊ लागली तेव्हा आपल्याकडच्या सुतारांनी या खुर्च्या घडवल्या. त्यांच्यावर कंपनीचा शिक्का नाही, पण रेषा बघा! त्याच सुमाराला डेन्मार्कमध्ये हान्स वेग्नर या फर्निचर डिझायनरसारखी मंडळी अशाच सडपातळ, नक्षीकाम टाळलेल्या खुर्च्या करत होती. वेग्नर यांनी १९४९ साली आखलेली 'विशबोन' खुर्ची आजही बनते आणि तिची बैठक आजही हातानेच विणतात.

आपल्या देशातलं उदाहरण चंडीगडचं. शहर वसवताना त्याचे वास्तुरचनाकार ल कॉर्बुझिए यांचे नात्यातले भाऊ पिअर जाँनरे यांच्या देखरेखीखाली सरकारी कचेऱ्यांसाठी साग आणि वेताच्या खुर्च्या तयार झाल्या. पुढे मोडक्या झाल्या म्हणून त्यांचे ढीग गच्च्यांवर पडले, लिलावात कवडीमोलाने गेले. परदेशी व्यापाऱ्यांनी त्याच खुर्च्या दुरुस्त करून युरोप-अमेरिकेत लाखो रुपयांना विकल्या. २०११ मध्ये केंद्रीय गृह मंत्रालयाने विक्री आणि निर्यातीवर बंदी आणली, तोवर पुष्कळ माल बाहेर गेला होता.

तुमच्या-आमच्या खुर्चीला लाखो रुपये कोणी देणार नाही. तरी ती ठेवायची, कारण ती दुरुस्त होते.

२०१९ चा महापूर आठवा. सांगलीच्या आयर्विन पुलापाशी कृष्णेने ५७ फुटांची पातळी गाठली होती. पाणी ओसरल्यावर रस्त्याच्या कडेला फुगलेली कपाटं आणि टेबलं यांचेच ढीग होते. लाकडाचा भुसा डिंकाने दाबून केलेला बोर्ड एकदा फुगला की पूर्वपदावर येत नाही. आमच्या सागवानी खुर्च्याही त्याच पाण्यात होत्या. त्यांचे सांधे सुटले, कारण जुने सुतार सरस, म्हणजे जनावरांच्या कातड्या-हाडांपासून केलेला डिंक, वापरायचे आणि सरस पाण्यात मऊ पडतो. लाकूड मात्र शाबूत.

मिरजेच्या एका सुतारमामांनी त्या सावलीत नीट वाळू दिल्या. मग एकेक सांधा पूर्ण उकलला. कुसवांवरचा, म्हणजे खाचेत बसणाऱ्या लाकडी टोकांवरचा, जुना सरस पटाशीने हलकेच खरवडला, कारण तो तसाच ठेवला तर नवा ग्लू धरत नाही. ग्लू लावून सांधे बसवले, पायांभोवती दोरी गुंडाळली, दोरीत काठी घालून पीळ दिला आणि रात्रभर तसंच ठेवलं. एक कुसू तुटलेलं होतं, त्याच्या जागी सागाचंच नवं बसवलं. त्या खुर्च्यांवर आम्ही आज रोज जेवतो. फुगलेला बोर्ड असा दुरुस्त करून देणारा कोणी मला अजून भेटलेला नाही.

तुमच्याकडे अशी खुर्ची डुगडुगत असेल तर आधी मागचा पाय बघा, बैठकीची बाजूची पट्टी त्यात शिरते तिथे. जेवण झाल्यावर मागे रेलून पुढचे पाय उचलायची सवय घराघरांत असते आणि सगळा ताण त्या एका सांध्यावर येतो. तिथे कृपा करून खिळा ठोकू नका. खिळ्याने कुसू चिरतं आणि पाच मिनिटांचं काम दिवसभराचं होऊन बसतं. ऑइलपेंटही नको, त्याने सागाच्या रेषा बुजतात. जुनं पॉलिश काळपट पडलं असेल तर हलका पॉलिश पेपर मारून चपडा लाखेचे दोन-तीन हात द्या, रंग परत उजळतो.

खरी अडचण वेताची आहे. तयार जाळीचा तुकडा ठोकून देणारे मिळतात, पण भोकाभोकांतून एकेक वेत ओवून सहा दिशांनी विणणारे हात कमी होत चाललेत. चौकटीच्या कडेने ओळीने भोकं असतील तर ती खुर्ची हातविणीची, तिच्यावर तयार जाळी ठोकू देऊ नका.

आमच्या दोन खुर्च्यांच्या बैठका अजून विणायच्या आहेत. सांगली, मिरज, कुपवाड किंवा पार तासगावकडे असं काम करणारं कोणी असेल तर कॉमेंटमध्ये नक्की सांगा. आणि कोणी अशा खुर्च्या काढून टाकणार असेल तर भंगारवाल्याला हाक मारण्याआधी मला मेसेज करा, मी न्यायला येईन.