आईला विचारून केलेलं बंड

ऑस्ट्रेलियाचा फलंदाज व्हिक्टर ट्रम्पर म्हटलं की जुन्या क्रिकेटवेड्यांना एकच फोटो आठवतो. बॅट मागे उंच नेलेली, पाय पुढे झेपावलेला. १९०२ साली ओल्ड ट्रॅफर्डला जेवणाच्या सुट्टीआधी शतक ठोकणारा तोच हा. पण हाच ट्रम्पर १९०७ च्या ऑगस्टमध्ये सिडनीच्या डबल बे भागात एका माउलीची मनधरणी करायला गेला होता, हे मला फार उशिरा कळलं. सोबत जेम्स गिल्टिनन, सिडनीचा एक उद्योजक. सोयरीक जमवायला जावं तसे दोघं गेले आणि म्हणाले, तुमचा मुलगा आम्हाला द्या.

मुलगा म्हणजे हर्बर्ट हेन्री मेसेंजर. अख्खं सिडनी त्याला डॅली म्हणायचं. लहानपणी पोट सुटलेलं होतं, म्हणून विल्यम बीड डॅली नावाच्या ढेरपोट्या पुढाऱ्यावरून पडलेलं हे नाव. वडील नामांकित वल्हेपटू, होड्या बांधायचा घरचा धंदा. वय २४. आणि रग्बीच्या मैदानावर हा उतरणार म्हटलं की लोक कामं टाकून यायचे.

तेव्हा रग्बी युनियन, म्हणजे मूळ रग्बी आणि ती चालवणारी संघटना, 'हौशी' होती: खेळाडूने पैसे घ्यायचे नाहीत. हौशी कोणासाठी? १९०७ च्या जुलैत सिडनी क्रिकेट ग्राउंडवर न्यूझीलंडविरुद्धच्या सामन्याला पन्नास हजारांच्या आसपास माणसं आली. तिकिटांचा गल्ला युनियनच्या तिजोरीत गेला. अलेक्स बर्डन नावाचा खेळाडू पेशाने न्हावी. तो खेळताना जायबंदी झाला, हातावर पोट असलेल्या माणसाचं कामच थांबलं, आणि युनियनने भरपाई द्यायला नकार दिला. खेळातून पैसा येत नव्हता असं नाही. तो घाम गाळणाऱ्याकडे येत नव्हता, एवढंच. माझ्या मते 'हौस' हा शब्द इथे निव्वळ मालकाच्या सोयीचा होता. इंग्लंडमध्ये याच भांडणातून १८९५ सालीच उत्तरेकडचे क्लब फुटून निघाले होते, बुडालेल्या मजुरीचे पैसे मिळावेत एवढ्याच मागणीवरून.

तर ट्रम्पर, गिल्टिनन आणि राजकारणी हेन्री हॉइल यांनी ८ ऑगस्ट १९०७ ला न्यू साउथ वेल्स रग्बी लीग, म्हणजे खेळाडूंना पैसे देणारी वेगळी संघटना, उभी केली. खेळाडू गुपचूप जमत होते, पण गर्दी खेचणारा माणूस एकच, आणि तो म्हणाला, आईला विचारा. मला हे फार आवडतं. बंडखोर म्हणून ज्याचा पुतळा उभा राहिला, तो बंड करायला निघाला आईची परवानगी घेऊन! ॲनी मेसेंजर यांनी होकार दिला. १७ ऑगस्टला न्यूझीलंडच्या व्यावसायिक संघाविरुद्ध पहिला सामना झाला, वीस हजारांच्या घरात प्रेक्षक. त्या संघाला सिडनीच्या वर्तमानपत्रांनी 'ऑल गोल्ड्स' म्हणून हिणवलं होतं, सोन्यासाठी खेळणारे म्हणून.

एक गोष्ट इथे सांगितलीच पाहिजे. न्यूझीलंडच्या त्या संघाशी झालेले तीनही सामने युनियनच्याच नियमांनी झाले. इंग्लंडमधल्या फुटलेल्या क्लबांनी बनवलेले लीगचे वेगळे नियम सिडनीत अजून आलेच नव्हते. म्हणजे तोच खेळ, तोच चेंडू, तेच पंधरा गडी. बदललं होतं ते पैशाचं पाकीट. तेवढ्यावर मेसेंजरला युनियनची दारं बंद झाली आणि त्याची कामगिरी नोंदवहीतून खोडून टाकली गेली. एखाद्याला खेळू देऊ नका, ठीक. पण जे धावून झालंय ते धावलाच नाही म्हणायचं, याला काय म्हणावं?

पुढचं भराभर सांगतो. न्यूझीलंडच्या संघाने या ऑस्ट्रेलियनला सोबत घेऊन इंग्लंड गाठलं आणि दौऱ्यात सर्वाधिक गुण यानेच केले. १९०८-०९ च्या पहिल्या कांगारू दौऱ्यातही, म्हणजे ऑस्ट्रेलियाच्या लीग संघाच्या इंग्लंड दौऱ्यातही, तेच. त्या दौऱ्यात गिल्टिननचं मात्र दिवाळं निघालं. १९११ च्या मोसमात सगळे सामने धरून मेसेंजरचे २७० गुण झाले, आणि तो विक्रम १९३५ पर्यंत टिकला. त्याच्या ईस्टर्न सबर्ब्सने १९११, १९१२ आणि १९१३ अशी लागोपाठ तीन विजेतेपदं घेतली, विजेत्याला मिळणारी ढाल कायमची क्लबकडे आली. क्लबने ती कपाटात ठेवली नाही, मेसेंजरच्या हातात दिली. तो निवृत्त झाला.

आता 'पैशासाठी गेला' म्हणणाऱ्यांनी पुढचं वाचावं. हॉटेल चालवून पाहिलं, क्वीन्सलंडमध्ये केळीची बाग लावली, काही धड जमलं नाही. शेवटी सरकारी बांधकाम खात्यात सुतारकाम. १९५९ मध्ये, ७६ व्या वर्षी गेला.

१९९५ साली, इंग्लंडमधल्या त्या फुटीला बरोबर शंभर वर्षं होताना, रग्बी युनियनने स्वतःच व्यावसायिक खेळाला मान्यता दिली. मेसेंजरच्या खोडलेल्या नोंदी परत लिहायला मात्र त्यांना आणखी बारा वर्षं लागली, २००७ पर्यंत. तोवर ऑस्ट्रेलियातला लीगचा सर्वोत्तम खेळाडू दरवर्षी 'डॅली एम' पदक गळ्यात घालून घरी जायला लागून पाव शतक उलटून गेलं होतं.