नवऱ्याच्या सहीबद्दल खुलासा

दापोली-गुहागरकडच्या ग्रुपांवर मजकूर फिरतोय : ‘सहाव्या आठवड्यात ठोके लागतात, तिथून कायद्याने तो माणूस. पुढे गर्भपात गुन्हा. आणि नवऱ्याची सही हवीच.’

आधी सही. सज्ञान बाईची स्वतःची लेखी संमती पुरते. 18 वर्षांखालच्या मुलीसाठी पालकाची लागते. आमच्याकडे निम्मे नवरे मुंबईला. ओळखीतली एक जण सोनोग्राफीचा कागद तांदळाच्या डब्यात ठेवून गणपतीची वाट बघत बसली, त्या सहीसाठी. आठवडे मात्र थांबत नाहीत.

गर्भपाताच्या 1971 च्या कायद्यात 2021 साली सुधारणा झाली. कायद्यातल्या कारणांसाठी 20 आठवड्यांपर्यंत एका डॉक्टरचं मत लागतं. बलात्कारपीडित, अल्पवयीन अशा ठरावीक स्त्रियांना 24 पर्यंत, दोघांच्या मताने. ठोक्यांची अट त्यात कुठेच नाही. (गर्भलिंग तपासणं मात्र गुन्हाच.)

सहावा आठवडा मोजतात तो शेवटच्या पाळीपासून. तेव्हा हृदय म्हणजे एक हलणारी नळी, कप्पे व्हायचे असतात. प्राचीन वैद्य सुश्रुताने हृदय चौथ्या महिन्यात व्यक्त होतं म्हटलंय; तेव्हा स्वतःचं आणि गर्भाचं अशा दोन हृदयांची बाई ती दौहृदिनी, त्यावरून आपले डोहाळे. जीव नेमका कधीपासून, यावर घराघरात मतं वेगळी असणार, असू देत. पण स्वतःचं मत कायदा म्हणून पुढे ढकलू नका.