मळी पाजली की कडबा पचतो म्हणे!

"रोज दोन लिटर मळी पाण्यात कालवून पाजा. कडब्याची काडी न् काडी पचते. पेंड बंद करा. दुधाचं फॅट वाढतं. मळी नैसर्गिक आहे, कितीही दिली तरी अपाय नाही." दुधाच्या गाईंसाठीचा हा मेसेज बरेच दिवस फिरतोय, मी सोडून देत होतो. (मळी म्हणजे साखर कारखान्यात साखर काढून उरलेला काळा, घट्ट पाक.) काल मामांनी सरकी पेंडीचं पोतं दुकानात परत करायला काढलं, म्हणून लिहायला बसलो.

आधी माप बघा. मळीचा एक लिटर जवळपास 1.4 किलो भरतो. दोन लिटर म्हणजे पावणेतीन किलो, त्यात निम्मी साखरच. एवढी साखर रोज, तीही एका दमात पाण्यातून!

कडबा गाय स्वतः पचवत नाही, तिच्या कोठीपोटातले, म्हणजे पोटाच्या पहिल्या, मोठ्या कप्प्यातले जिवाणू पचवतात. साखर तिथे लगेच आंबते, आम्ल वाढतं. सामू (pH) 6 च्या आसपास किंवा खाली घसरला की तंतू फोडणारे जिवाणू काम टाकतात. साखरेवर वाढणारे मात्र माजतात आणि असेल-नसेल तेवढं नत्रही पळवतात. हे नत्र मुख्यतः चाऱ्यातल्या प्रथिनांतून येतं. या जिवाणूंचं नीट चालायला एकूण चाऱ्यात साधारण 7 टक्के प्रथिनं लागतात. ज्वारीच्या कडब्यात ती 4 टक्क्यांच्या आसपास, मळीतही जवळपास तेवढीच. चारात चार कालवून सात होतात का? ती तूट भरते पेंड, आणि हा बहाद्दर नेमकी तीच बंद करायला सांगतो. मग गाय गव्हाणीत कडबा चिवडून सोडते, शेण पातळ आणि आंबूस पडतं, आणि मालक म्हणतो मळी कमी पडली, अजून घाला.

"कितीही दिली तरी अपाय नाही" हे तर धडधडीत खोटं. 1960 नंतरच्या दशकात क्युबात पशुआहार शास्त्रज्ञ टी. आर. प्रेस्टन यांच्या पुढाकाराने मळी हाच मुख्य खुराक करून गोऱ्हे पोसले गेले. मळी भरपूर आणि चारा कमी पडला की काही जनावरं झिंगल्यासारखी झोकांड्या खायची, लाळ गळायची, काही आंधळी व्हायची. मेंदूच्याच पेशी मरायच्या. तिथे सोबत युरिया आणि मासळीची भुकटी होती, तरीही ही गत. दुधाच्या गाईंनाही तो खुराक मानवला नाही, कारण दुधातली साखर बनवायला लागणारं ग्लुकोज जेमतेमच मिळतं.

फॅटचं म्हणाल तर आकडा थोडा चढेलही, मळीने कोठीपोटात ब्युटिरिक आम्ल वाढतं. पण दूधच घटलं तर डेअरीच्या पावतीवर काय उरणार?

बरं, एक गोष्ट नाइलाजाने मान्य. थोडी मळी, दाण्याच्या मिश्रणात दहा टक्क्यांपर्यंत किंवा कुट्टीवर शिंपडून, चालते. जनावर वाळका चारा आवडीने खातं, धुरळा बसतो, आणि नत्र पुरेसं असेल तर पचन बिघडत नाही. राष्ट्रीय दुग्धविकास मंडळाने प्रसार केलेली युरिया-मळी-खनिजांची चाटण वीट याच हिशोबावर उभी आहे. कडब्याचं पचन सुधारतं ते मुख्यतः त्यातल्या युरियाच्या नत्राने. मळी चवीला, झटपट ताकदीला आणि वीट बांधायला.

मामा, वीट हवी तर तयार घ्या. घरचा युरिया बादलीत ढवळून पाजू नका. वीट चाटून तो थोडा थोडा पोटात जातो. पाण्यातून एकदम गेला तर डॉक्टर यायच्या आत जनावर आडवं होतं.