एका पट्टीत तीन औषधं, चौथं आपल्या मनाचं

बीपीच्या गोळीत काय आहे हे विचारायचं नसतं. रंग लक्षात ठेवायचा. 'ती छोटी पांढरी' आणि 'ती दोन रंगांची, सकाळची', एवढी ओळख पुरे. पट्टीवर टेल्मिसार्टन 40, ॲम्लोडिपिन 5, हायड्रोक्लोरोथायझाइड 12.5 असं काहीतरी मुंगीच्या अक्षरांत छापलेलं असतं, पण ते वाचायला चष्मा लागतो आणि चष्मा आपण राशिभविष्यासाठी राखून ठेवलेला आहे. नावामागच्या शेपटाकडे तर ढुंकूनही बघू नका. एएम म्हणजे बहुधा आत ॲम्लोडिपिन आहे, एच म्हणजे हायड्रोक्लोरोथायझाइड, सीटी म्हणजे क्लोरथॅलिडोन, ही दोन्ही लघवी वाढवणारी. पण दोन अक्षरांनी काय बिघडतं? साध्याऐवजी एच हातात पडली तर मेडिकलवाल्याला 'तेच आहे ना?' एवढं विचारा. तो मान डोलावेल. मग ती रात्री झोपताना घ्या, दोनतीनदा लघवीला उठा, आणि दोष संध्याकाळच्या कलिंगडाला द्या.

कॉम्बिनेशनची कल्पना तशी वाईट नाही, हे मान्य करायला हवं. एकच औषध दुप्पट केलं तर फायदा थोडाच वाढतो, त्रास मात्र बरेचदा जास्त होतो. त्यापेक्षा वेगवेगळ्या वाटांनी काम करणारी दोनतीन औषधं कमी मात्रेत दिली तर बीपी नीट उतरतं. ॲम्लोडिपिन रक्तवाहिन्या सैल करतं, टेल्मिसार्टन त्या आवळणाऱ्या संप्रेरकाला अडवतं, हायड्रोक्लोरोथायझाइड जादा मीठ-पाणी लघवीवाटे बाहेर काढतं. गोळी एकच असल्याने विसरायलाही कमी होतं. म्हणून तर 2019 साली जागतिक आरोग्य संघटनेने या जोडगोळ्यांना अत्यावश्यक औषधांच्या यादीत जागा दिली. पण जिनिव्हात बसलेल्यांनी आपल्या घरातला बिस्किटांचा डबा उघडून पाहिलेला नाही, ज्यात औषधं असतात.

त्या डब्यात जुन्या सुट्या गोळ्या उरलेल्या असतातच. नवी एकत्रित गोळी सुरू झाली म्हणून त्या टाकायच्या? पैसे मोजलेत. दोन्ही घ्या. त्यातून एक डॉक्टर हृदयाचे, एक कोपऱ्यावरचे आणि एक मुलीच्या गावचे असतील तर फारच उत्तम. प्रत्येकाची चिठ्ठी वेगळ्या फाइलमध्ये ठेवा आणि एकाची फाइल दुसऱ्याला दाखवू नका, उगाच माणसं दुखावतात. एकाने टेल्मिसार्टन-ॲम्लोडिपिन दिलं, दुसऱ्याने नुसतंच ॲम्लोडिपिन दिलं, तरी कंपन्यांची नावं निराळी, म्हणजे औषधंही निराळीच असणार. पंधरा दिवसांत घोटे सुजतील, चप्पल जाईना होईल. ही सूज ॲम्लोडिपिनची असू शकते हे डॉक्टरांना सुचू देऊ नका. 'पायाला पाणी धरलंय, लघवीची गोळी द्या' असं निदान आणि उपचार दोन्ही स्वतःच सांगून टाका. त्या गोळीने सोडियम-पोटॅशियम खाली गेलं, पायांत गोळे येऊ लागले, की त्यावर आणखी एक गोळी. असा संसार वाढत जातो.

तिसऱ्या चिठ्ठीत रामिप्रिल हे बीपीचंच औषध असेल तर तेही टेल्मिसार्टनच्या जोडीला चालू द्या. रक्तवाहिन्या आवळणाऱ्या त्याच संप्रेरकाच्या साखळीला दोन ठिकाणी कुलूप, दुप्पट सुरक्षा! 2008 साली 25 हजारांहून जास्त रुग्णांवरच्या एका मोठ्या चाचणीत ही दोन एकत्र देऊन पाहिली होती. फायदा वाढला नाही. रक्तदाब फार उतरणं, पोटॅशियम वाढणं आणि मूत्रपिंडाच्या तक्रारी तेवढ्या वाढल्या. पण आपण काही चाचणीतले रुग्ण नाही.

आता गुडघे. बीपीवाल्या माणसाला गुडघे असतातच. डायक्लोफिनॅक, ॲसिक्लोफिनॅक, आयब्युप्रोफेन, जे हाताला लागेल ते आठवडाभर सकाळ-संध्याकाळ घ्या. 'दुखण्याची गोळी' हे औषध नव्हेच, त्यामुळे डॉक्टरांच्या प्रश्नाला 'दुसरं काही घेत नाही' हे उत्तर अगदी खरं ठरतं. सार्टन गटातली (टेल्मिसार्टनसारखी) गोळी, लघवीची गोळी आणि ही दुखण्याची, असा तिहेरी संगम झाला की मूत्रपिंडाचा रक्तपुरवठा तिन्ही बाजूंनी आटतो. त्यात जुलाब-उलट्या होत असतील, किंवा हरतालिकेचा निर्जळ उपास असेल, किंवा उन्हातून कोस-कोस चालणं असेल, तर बघायलाच नको. अशा दिवसांत कुठली गोळी चालू ठेवायची, कुठली दोन दिवस थांबवायची, हे डॉक्टरांना एका फोनवर विचारता येतं. पण एवढ्याशा कारणासाठी त्यांना त्रास देणं आपल्या संस्कारात बसत नाही. चक्कर येऊन मोरीत पडल्यावर मात्र रात्री दोन वाजताही नेता येतं.

नैसर्गिक गोष्टींना तर वरचं काहीच लागू नाही. घसा बसला की ज्येष्ठमधाची कांडी चघळत राहा. ज्येष्ठमध नियमित खाल्ल्यास बीपी चढतं आणि पोटॅशियम उतरतं, आणि लघवीची गोळी पोटॅशियम आधीच उतरवत असते, पण ज्येष्ठमध आजीच्या बटव्यातलं, त्याची चौकशी करणं हा आजीचा अपमान. मीठ कमी करा म्हणाले तर 'लो सोडियम' मीठ आणा आणि दुप्पट घाला. त्यात सोडियमच्या जागी पोटॅशियम क्लोराइड घातलेलं असतं. सार्टन गटातल्या गोळ्या पोटॅशियम शरीरातच धरून ठेवतात. वर रोजचं शहाळं, तेही पोटॅशियमने भरलेलं. म्हणजे घरात एकाचं पोटॅशियम खाली आणि दुसऱ्याचं वर, आणि दोघांचा सल्लागार एकच: सोसायटीतले जोशीकाका.

काका सर्पगंधाही सुचवतील, आणि इतिहासही सांगतील. तो खरा आहे. मुंबईच्या डॉ. रुस्तम जाल वकील यांनी सर्पगंधेने रक्तदाब उतरतो हे रुग्णांवर मोजून पाहिलं आणि 1949 साली 'ब्रिटिश हार्ट जर्नल'मध्ये छापलं; जगाने दखल घेतली. पुढे तिच्यातून रेसरपिन वेगळं काढलं, ते वर्षानुवर्षं वापरलं, नाक चोंदणं, गुंगी, मन खिन्न होणं हे त्याचे त्रासही नोंदवले गेले. काका गोष्ट 1949 लाच थांबवतात. तुम्हीही तिथेच थांबा आणि तीन गोळ्यांवर चौथं चूर्ण घ्या.

गोळी कधी घ्यायची, याचं शास्त्र सोपं आहे. डोकं दुखलं की घ्यायची. बीपी वाढलं की आपल्याला कळतंच. ज्यांना न कळता पक्षाघात झाला ते वेगळे लोक. तपासणीच्या दिवशी गोळी न घेता जा, म्हणजे डॉक्टरांना 'खरं' बीपी दिसतं. जिना चढून, चहा पिऊन, बोलत बोलत मोजून घ्या. पाच मिनिटं स्वस्थ बसायला आपण काय रिकामटेकडे आहोत? आकडा 170 दिसला की ते बिचारे मात्रा वाढवतात, आणि तुम्ही घरी येऊन वाढीव गोळीसुद्धा जुन्याच श्रद्धेने घेता. उलट आकडा 126 वर 80 आला तर आपण बरे झालो असं समजून सगळं बंद करा. त्या गोळीत नाडी मंद करणारं मेटोप्रोलॉल असेल तर एकदम बंद केल्यावर नाडी आणि बीपी उसळी मारतात, छातीतही दुखू शकतं. तसं झालंच तर काल चुकलेली आणि आजची, दोन्ही एकदम घेऊन हिशोब चुकता करा.

महिन्याची पट्टी विकत घेऊ नका. चार चार कापून आणा. कापताना नाव एका तुकड्यावर जातं, तारीख दुसऱ्यावर, त्यामुळे वादाला जागा उरत नाही. सवड असेल तर गोळ्या आधीच सोलून प्लास्टिकच्या डबीत भरा. टेल्मिसार्टन हवेतला ओलावा शोषून घेतं म्हणून ती घेण्याच्या क्षणापर्यंत पाकिटातच ठेवायची असते, असं कंपनी लिहिते, पण कंपनीने रत्नागिरीचा जुलै पाहिलाय का? शेजारणीचं बीपी वाढलं तर त्याच डबीतून दोन गोळ्या द्या. ती गरोदर असेल तर सार्टन गटातली गोळी पोटातल्या बाळाच्या मूत्रपिंडाला घातक ठरू शकते, पण शेजारधर्म आधी.

शेवटी राहते तपासणी. नव्या गोळ्या सुरू केल्यावर थोड्या आठवड्यांनी डॉक्टर रक्तातलं क्रिएटिनिन (त्यावरून मूत्रपिंडाचं काम कळतं) आणि पोटॅशियम तपासायला सांगतात. तो कागद फ्रिजवर चुंबकाखाली लावा, दुधाच्या हिशोबाशेजारी. पुढच्या खेपेला त्यांनी विचारलं तर ठामपणे सांगा, 'केली की! शुगर एकदम नॉर्मल आली.'