‘चांगलं ऑइल काढून फेकलं’ असं लिहिणाऱ्या साहेबांना गॅरेजकडून उत्तर

नमस्कार साहेब,

तुमचा रिव्ह्यू वाचला. ऐन गणपतीच्या तोंडावर तुम्हाला आणि घरच्यांना गॅरेजवर ताटकळावं लागलं, वहिनींना आणि काकांना पावसात पत्र्याखाली बसावं लागलं, त्याबद्दल मनापासून दिलगीर आहोत. चाकरमान्याच्या रजेतला एकेक दिवस किती मोलाचा असतो, हे इथे राहणाऱ्याला सांगायला नको.

ज्यांनी रिव्ह्यू वाचलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. साहेबांचं म्हणणं असं की एका पाइपाच्या क्लिपसाठी आम्ही गाडी दीड दिवस अडकवली, ७,४०० रुपये बिल केलं, गाडी बंद केल्यावर बॉनेटमधून येणारा घूं-घूं आवाज तसाच ठेवला, चहासुद्धा विचारला नाही, आणि ‘डिपस्टिकवर (ऑइल मोजायच्या पट्टीवर) फुल्ल दिसणारं चांगलं ऑइल काढून फेकलं आणि स्वतःचं महागडं ऑइल गळ्यात मारलं’. एक तारा.

चहाचं सोडून देतो. चहा आला होता, तुम्ही फोनवर होतात, कप तसाच परत गेला. दीड दिवसाबद्दल एवढंच, की गाडी हरतालिकेला दुपारी दोनला आत आली आणि चतुर्थीला सकाळी साडेदहाला बाहेर पडली. दीड दिवसाचा गणपती असतो साहेब, तुमची गाडी नव्हती.

पण ऑइलचं ते वाक्य मात्र लागलं. हायवे चौपदरी झाल्यापासून आमच्या दारातून गाड्या नुसत्या सूं करून जातात. थांबणारा आधी मोबाइलवर तारे बघतो, मग वळतो. त्यामुळे यावर सविस्तर लिहिणं भाग आहे. लांबलं तर राग मानू नका.

तुमची गाडी म्हणजे एक लिटरचं, तीन सिलिंडरचं टर्बो पेट्रोल. या वर्गातली इंजिनं आता बऱ्याच कंपन्यांची आहेत आणि आकडे थोड्याफार फरकाने सारखेच: ९९८ किंवा ९९९ सीसी, १०० ते १२० पीएस ताकद, टॉर्क म्हणजे ओढ १५० ते १७५ एनएमच्या आसपास, आणि तीही साधारण दीड-दोन हजार आरपीएमपासून. पूर्वी एवढी ओढ हवी तर दीड-पावणेदोन लिटरचं इंजिन लागायचं. आता ते काम छोट्या इंजिनाकडून टर्बो करून घेतो. सायलेन्सरकडे जाणाऱ्या गरम गॅसवर एक चक्र फिरतं, त्याच दांड्यावरचं दुसरं चक्र हवा दाबून इंजिनात भरतं. जोरात असताना हा दांडा मिनिटाला दोन लाख फेऱ्यांच्या आसपास फिरतो आणि त्याच्या एका टोकाला ९०० अंशांच्या पुढचा गॅस असतो. आणि तो तरंगतो कशावर? इंजिन ऑइलच्या केसाहून पातळ थरावर. डिझेल टर्बोलाही ऑइल जपावं लागतंच, पण पेट्रोलचा गॅस त्याहून जास्त तापतो. म्हणून अशा इंजिनात ऑइल हा खर्चाचा विषय नाही, तो सुटा भागच आहे.

आता त्या दुपारचं. राजापूर सोडल्यापासून गाडी ओढत नव्हती, चढाला पाय दाबला तरी चाळीसच्या वर जात नव्हती, इंजिनचा पिवळा दिवा लागलेला. ‘टर्बो गेलाय, फोनवर विचारून घेतलंय’ असं तुम्ही आल्या आल्याच सांगितलंत. स्कॅनरवर कोड आला पी०२९९, म्हणजे इंजिनाने मागितला तेवढा हवेचा दाब मिळत नाही. हा कोड टर्बो गेला असं सांगत नाही. दाब कुठेतरी हरवतोय, एवढंच सांगतो. टर्बो असू शकतो, वेस्टगेटचा, म्हणजे टर्बोचा दाब आवरणाऱ्या झडपेचा अ‍ॅक्च्युएटर असू शकतो, दाबाचा सेन्सर असू शकतो, दाबलेली गरम हवा थंड करणारा इंटरकूलर फुटलेला असू शकतो, नाहीतर एखादा पाइप. आमच्याकडे तर पावसाळ्यात उंदीरही असू शकतो. वायरी आणि रबर त्याला फार आवडतं.

मग एअर फिल्टरकडचा पाइप काढून टर्बोचा दांडा हाताने हलवून बघितला. आडवा किंचित हलतो, तेवढा हलायलाच हवा. पुढे-मागे अजिबात हलला नाही, पातं कुठे घासलेलं नाही. पाइपात तेल दिसलं तेव्हा तुमचा भाऊ म्हणाला, ‘बघा, तेल ओकतोय, गेला टर्बो.’ पाइपात तेलाचा हलका ओलावा चांगल्या गाडीतही असतो. इंजिनाच्या पोटातली वाफ जाळण्यासाठी परत हवेच्या वाटेत सोडतात, तिच्याबरोबर तो येतो. तुमच्या पाइपात मात्र ओलावा नव्हता, ओघळ होता. तेव्हाच मनात शंका आली. धूर सोडायचं मशीन लावलं, तर इंटरकूलरकडून येणाऱ्या पाइपाच्या तोंडातून धूर भसाभस बाहेर. क्लिप सैल, पाइप निसटलेला, ओठ चिरलेला, आणि आतून इतका बुळबुळीत की हातात ठरत नव्हता.

आता विचार करा. मला लुटायचंच असतं तर त्या क्षणी ‘हो साहेब, टर्बोच गेला’ एवढं म्हटलं की झालं असतं. तुम्ही तयारच होऊन आला होतात. टर्बोचं बिल पाच आकडी होतं, तेही वरच्या अंगाचं.

तेल एवढं आलं कुठून म्हणून पोऱ्याने डिपस्टिक ओढली आणि म्हणाला, “दादानू, ऑइल वरच्या खुणेच्या पण वर आसा.” डिकीत स्टेपनी बघायला सामान काढलं, तर मखराच्या खोक्याशेजारी पिशवीत गुंडाळलेली एक बाटली निघाली. रिकामी, तळाशी दोन चमचे उरलेलं. त्यावर मोटरसायकलचं चित्र आणि ऑइलच्या घट्टपणाचा आकडा २०डब्ल्यू-४०. तेव्हा कुठे तुम्ही सांगितलंत की वाटेत पंपावर ऑइल कमी दिसलं म्हणून एक बाटली टाकली. हे तुम्ही आधी सांगितलं असतंत तर माझा निदान एक तास वाचला असता. रिव्ह्यूत तर त्या बाटलीचा उल्लेखही नाही.

ऑइल कमी दिसलं कारण गाडी बंद करून लगेच डिपस्टिक काढली, बहुतेक उतारावर. तेव्हा बरंचसं ऑइल वर इंजिनात फिरत असतं. सपाट जागी उभी करून दहा मिनिटं थांबून बघायचं असतं. खालच्या आणि वरच्या खुणेत अंतर जेमतेम एक लिटरचं, काही गाड्यांत त्याहूनही कमी. अर्ध्यावर असलेल्यात अख्खी बाटली ओतली की ते वर जाणारच. आणि जास्त झालेलं ऑइल म्हणजे शिल्लक नव्हे. क्रँक, म्हणजे इंजिनातला फिरता मुख्य दांडा, त्यात आपटते, फेस होतो, फेसातली हवा पंपातून बेअरिंगपर्यंत जाते, आणि वाफेबरोबर भरमसाट तेल टर्बोच्या वाटेने पाइपात उतरतं. क्लिप आधीच सैल होती, हे मी बिलावरही लिहिलंय. वर तेलाने पाइप निसरडा झाला आणि पाच माणसं, सामान आणि चढ यांमुळे वाढलेल्या हवेच्या दाबाने तो सुटला.

बरं, जास्त होतं तर थोडं काढून टाकायचं, सगळं का बदललंत, असं तुम्ही विचाराल. तुमच्या गाडीच्या पुस्तिकेत पातळ, फुल सिंथेटिक ५डब्ल्यू-३० लिहिलंय. ते पान उघडून मी तुम्हाला दाखवली होती. बाइकचं ऑइल बाइकसाठी उत्तमच असतं, कारण तिथे तेच ऑइल क्लचही भिजवतं. पण ते घट्ट. सकाळी गार इंजिन चालू केल्यावर टर्बोच्या बारीक नळीतून पोचायला उशीर लावणार.

त्याहून मोठी भानगड वेगळीच. छोट्या टर्बो इंजिनात वरच्या गिअरला, कमी आरपीएमवर पाय दाबला की कधीकधी ठिणगी पडायच्या आधीच मिश्रण पेटतं, आणि त्याचं एक कारण सिलिंडरमध्ये आलेला ऑइलचा थेंब असतो. साधी खडखड नव्हे ही. एका दणक्यात पिस्टनची रिंग धरणारी कड तुटू शकते. जास्त कॅल्शियमवाल्या ऑइलमध्ये हा धोका वाढतो. म्हणूनच ऑइलचा दर्जा ठरवणाऱ्या एपीआय या अमेरिकन संस्थेच्या, २०२० साली आलेल्या एसपी श्रेणीत याची वेगळी चाचणी ठेवली आहे. तुम्ही त्याच इंजिनात बाइकचं ऑइल घालून, भरल्या गाडीने, घाटातून, पाचव्या गिअरला आलात. असं ऑइल आत ठेवून तुम्हाला परतीच्या प्रवासाला पाठवलं असतं आणि कशेडीच्या अलीकडे पिस्टन फुटला असता, तर एक तारासुद्धा मिळाला नसता.

घातलेलं ऑइल एसपी श्रेणीचं, सीलबंद डब्याचं, तुमच्या समोर फोडलं. ऑइल ३,२००, फिल्टर ४५०, पाइप क्लिपसकट २,१००, आणि स्कॅनिंग, धुराची टेस्ट, सगळी मजुरी मिळून १,६५०. ऑइल छापील किमतीला लावलंय, वर एक रुपया नाही. शंभर रुपयांच्या क्लिपचं बिल म्हणता, ते हे असं आहे.

पाइप इथे मिळत नाही. कोल्हापूरला फोन केला, तो रात्रीच्या टेम्पोने फोंडा घाटातून आला. चतुर्थीच्या सकाळी आमचं गॅरेज बंद असतं. पोऱ्याने उघडलं, मी आलो, भटजी घरी येऊन बसले होते, पूजा थांबवून ठेवली होती. आदल्या संध्याकाळी माझ्या पुतण्याने तुम्हा सगळ्यांना सामानासकट गावात सोडलं, त्याचे पैसे घेतले नाहीत. घ्यायचेही नव्हते. पण त्याचा एक शब्द तरी लिहायचा होतात.

आवाजाचं. गाडी बंद केल्यावर येणारी घूं-घूं म्हणजे टर्बो थंड करणारा पाण्याचा इलेक्ट्रिक पंप. घाट चढून आल्यावर तो काही मिनिटं आपोआप चालतो, त्याला बिघाड म्हणत नाहीत. तरीही घाट चढून आल्यावर गाडी लगेच बंद न करता एक-दोन मिनिटं चालू ठेवा. ट्रॅफिक लाइटला जाणवणारी थरथर तीन सिलिंडरची आहे, तिला माझ्याकडे औषध नाही.

सुधारणांबद्दल लिहायचं तर, गणपतीत फोन उचलायला वेगळा माणूस ठेवायचा विचार आहे. बसायच्या जागेचंही काहीतरी करतो. जुनं ऑइल गिऱ्हाइकाला दाखवून, फोटो काढूनच टाकायचं असं पोरांना सांगितलंय. आणखीही काही गोष्टी मनात आहेत, जमेल तशा करू.

तारा वाढवा असं म्हणणार नाही, तुमचा अधिकार आहे. फक्त त्या ऑइलच्या वाक्यात बाटलीचाही उल्लेख केलात तर वाचणाऱ्याला खरं काय ते कळेल. आणि मुंबईत हजार किलोमीटर झाले की सकाळी गार इंजिनावर, सपाट जागी एकदा डिपस्टिक बघा, एअर फिल्टरही झटकून घ्या, आमच्याकडची तांबडी धूळ त्यात बसली असणार. डिपस्टिकचा फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवा. नंबर बिलावर आहे.